डावे साठ, उजवे तीस

अक्कांना आत नेलं तेव्हा सकाळचे नऊ वाजून गेले होते, आणि स्ट्रेचरवर आडव्या पडूनसुद्धा त्यांचं तोंड काही थांबलं नव्हतं.

“हेमे, गॅस नीट बंद केलास का? आणि काय गं, तुझी ती कागदाची बोरं आता माझ्या टाळक्यात घालणार म्हणे हे लोक! जन्मभर घरात धूळ खात पडली, तेवढं कमी होतं का?”

“अक्का, गप्प पड ना गं जरा. बोलू नका म्हणालेत डॉक्टर.”

“भूल दिल्यावर गप्पच बसायचंय. तोवर घेते बोलून.”

सिस्टर हसली आणि दार मिटलं. हेमांगीबाई बाहेरच्या बाकावर जाऊन बसल्या.

हेमांगी आवटी, वय एकसष्ट. मिरजेतल्या एका मुलींच्या शाळेत तेहेतीस वर्षं भूमिती शिकवून निवृत्त झालेल्या. सुलोचनाअक्का त्यांच्याहून सात वर्षांनी मोठ्या, पोस्टात नोकरी केलेल्या, आणि यजमान गेल्यापासून धाकट्या बहिणीकडे राहणाऱ्या. राहणाऱ्या म्हणजे काय, घर त्याच चालवायच्या आणि हेमांगीबाईंनाही त्याच चालवायच्या. दोघींना एकमेकींशिवाय कोणी नव्हतं. त्यामुळे तीन आठवड्यांपूर्वी भाजी चिरता चिरता अक्का डोकं धरून खाली बसल्या, आणि स्कॅनमध्ये मेंदूच्या डाव्या बाजूला रक्तवाहिनीवर भला मोठा फुगा दिसला, तेव्हापासून हेमांगीबाईंच्या घशाखाली धड घास उतरला नव्हता. तो फुगा आज फुटेल की वर्षानं, हे कोणीच सांगू शकत नव्हतं.

असला फुगा बंद करायला पूर्वी कवटी उघडायचे, नाहीतर आत तारेची वेटोळी भरायचे. आता पिंजरा निघाला होता. त्याचं तंत्र ऐकायला साधं आहे. एक पारदर्शक फिल्म असते, केसाहून पातळ. तिचे मिलिमीटरभराचे चौकोन कापायचे आणि प्रत्येकाची ठरलेली घडी घालायची. घडी झाली की त्या तुकड्याला दोन जिभा राहतात आणि दोन खिसे. याची जीभ त्याच्या खिशात, त्याची जीभ तिसऱ्याच्या, असं करत गेलं की गोळा तयार होतो. त्याला ना डिंक लागतो ना टाका. मांडीतून मेंदूपर्यंत घातलेल्या बारीक नळीतून हे तुकडे एकेक करून फुग्यात सोडायचे. नळीच्या टोकाची सुई ते एकमेकांत अडकवत जाते, अंगाच्या उबेनं फिल्म आवळते आणि जीभ खिशात कायमची बसते. असा जाळीदार गोळा आत बसला की फुग्यातलं रक्त थबकतं, गोठतं, आणि फुगा आतल्या आत बुजून जातो.

आणि ही घडी आली होती हेमांगीबाईंच्या हातांतून. जुन्या उत्तरपत्रिकांचे चौकोन कापून त्या वर्गात मुलींकडून बहुफलक, म्हणजे अनेक बाजूंचे ठोकळे, करून घ्यायच्या. आकृती हातात आल्याशिवाय डोक्यात शिरत नाही, हे त्यांचं ठाम मत. त्याच वर्गातली मनवा ताम्हाणे पुढे इंजिनिअर होऊन पुण्याच्या एका प्रयोगशाळेत लागली. तिथे यंत्राला काही केल्या घडी जमत नव्हती, फिल्म फाटायची. माणसाचं बोट कुठे जरा दाबतं, कुठे जरा थांबतं, हे गणितात कुठे लिहिलेलं असतं? तेव्हा मनवाला बाई आठवल्या. सहा वर्षांपूर्वी हेमांगीबाई पुण्यात दोन आठवडे राहिल्या, बोटांना सेन्सर लावून शेकडो घड्या घातल्या, आणि यंत्रं त्यावरून शिकली. तेव्हापासून कितीतरी माणसांच्या डोक्यात ती घडी बसली होती आणि एकही उसवली नव्हती.

“बाई, चहा घ्या.”

मनवाच होती. अक्कांच्या पिंजऱ्यासाठी ती स्वतः पुण्याहून आली होती. ती शेजारी टेकली आणि लहानपणीसारखीच भरभर बोलायला लागली.

“अजिबात काळजी करू नका. अक्कांचा फुगा मोठा आहे ना, नेहमीचा तीस तुकड्यांचा गोळा आत खुळखुळला असता. म्हणून नव्वदाचा केलाय. माणसात पहिलाच, पण सिलिकॉनच्या मॉडेलमध्ये चाळीस वेळा करून बघितलाय. एका यंत्राकडून इतके तुकडे वेळेत होईनात, मग दोन्ही यंत्रं लावली. साठ दोन नंबरनं केले, तीस एक नंबरनं. दोन नंबर भलतंच चपळ आहे हं बाई! एक नंबरला आम्ही तुमच्या पहिल्या आठवड्यावरून शिकवलं ना, आणि दोन नंबरला दुसऱ्या. दुसऱ्या आठवड्यात तुमचा हात काय सुटला होता!”

चहाचा कप हेमांगीबाईंनी जपून बाकावर ठेवला.

“दोन्ही यंत्रांचे तुकडे याआधी कधी एकत्र जोडलेत का गं?”

“छे, वेळच आली नाही कधी. एका पेशंटला एकाच यंत्राचे पुरायचे. का हो?”

“काही नाही. सहज विचारलं.”

मनवा उठून ऑपरेशनच्या खोलीला लागून असलेल्या कंट्रोल रूममध्ये गेली. हेमांगीबाई जागच्या हलल्या नाहीत.

आता हे ‘सहज’ काय होतं ते सांगायला हवं. हेमांगीबाई डावऱ्या होत्या. जन्मानं पक्क्या डावऱ्या. मुलीच्या जातीनं डाव्या हातानं पानात वाढायचं कसं, प्रसाद घ्यायचा कसा, म्हणून आईनं डोक्याला हात लावला आणि थोरलीला सांगितलं, हिच्यावर लक्ष ठेव. बारा वर्षांच्या सुलूनं ते काम असं मनावर घेतलं की विचारू नका. जेवायला बसलं की लाल रिबिनीनं हेमीचा डावा हात मागे फ्रॉकच्या पट्ट्याला बांधायचा. रिबीन सुटली की चापट. दोन वर्षांत हेमी ‘सुधारली’. लिहिणं उजव्यानं, जेवण उजव्यानं, फळ्यावर खडू उजव्या हातात, आणि चारचौघांत कागदाची घडीसुद्धा उजव्यानंच. पण खोलीचं दार लावून एकट्या बसल्या की डावा हात आपणहून पुढे यायचा, आणि मग घडी घालणं हे काम राहायचं नाही, सुख व्हायचं.

पुण्याला पहिला आठवडा अक्का बरोबर होत्या. टेबलाशेजारच्या खुर्चीत लोकरीचं विणकाम घेऊन बसायच्या. त्यामुळे आठवडाभर सगळं उजव्यानं, मान मोडून. दुसऱ्या आठवड्यात कंटाळून त्या मिरजेला परतल्या. सोमवारी हेमांगीबाईंनी पहिला कागद उचलला, खोलीत दुसरं कोणी नाही, आणि डावा हात पुढे झाला. त्यांनी होऊ दिला. सेन्सर दहाही बोटांना होते, कोणता हात पुढाकार घेतोय हे यंत्रानं विचारलं नाही. शेवटी एक फॉर्म आला, त्यात ‘सर्व काम उजव्या हाताच्या सवयीने केले आहे’ असा रकाना होता. बाईंनी त्यावर बरोबरची खूण केली. आरशातली आकृती मूळ आकृतीशी एकरूपच असते, असं त्यांनी स्वतःला समजावलं. तेहेतीस वर्षं मुलींना हेच तर शिकवलं होतं!

ते खोटंही नव्हतं. तीस उजव्या तुकड्यांचा गोळा जितका पक्का, तितकाच तीस डाव्या तुकड्यांचा. पण डाव्या तुकड्याची जीभ उजव्याच्या खिशात जात नाही. खिशाचं तोंड उलट्या बाजूला असतं. कितीही डोकं आपटा, जात नाही म्हणजे नाही.

हे हेमांगीबाईंना पाठ होतं. तरीही त्यांनी पर्समधून भेटीच्या वेळांचं पत्रक काढलं, त्याचे चौकोन फाडले, दोन तुकडे उजव्या हातानं केले, एक डाव्यानं, आणि जोडायला गेल्या. दोन जुळले. तिसरा बाहेरच राहिला.

समोरच्या भिंतीवर नातेवाइकांसाठी एक पडदा होता. त्यावर हिरव्या अक्षरांत आलं: बसलेले तुकडे, एक.

उठायला हवं होतं. तिथल्या तिथे उठून दार ठोठावायला हवं होतं. पण माणसाचं मन किती लबाड असतं बघा. त्यांना वाटलं, एवढी मोठी प्रयोगशाळा, त्यांनी तपासल्याशिवाय का पाठवले असतील? मग वाटलं, आपण मध्येच ऑपरेशन थांबवायचं आणि आपलीच आठवण चुकीची निघाली तर? तेवढ्या गोंधळात फुगा फुटला तर? बहिणीचा जीव घेतलास म्हणून कोण सोडेल? पडद्यावर सात झाले. मग नऊ.

आणि या सगळ्या सबबींच्या तळाशी दुसरंच होतं. मनवाला काय तोंडानं सांगायचं, की तुझ्या बाईंनी खोटी खूण केली? आणि अक्काला कळेल. एकसष्ट वर्षांची, केस पिकलेली बाई, बाकावर बसून थोरल्या बहिणीच्या चापटीला भीत होती. स्वतःची शरम वाटत होती आणि तरी पाय उचलत नव्हते. चौदा. पंधरा. शेजारच्या माणसानं त्यांच्याकडे निरखून बघत विचारलं, “मावशी, पाणी देऊ का?”

एकोणीसचा आकडा आला तेव्हा त्या उठल्या. वीस मिनिटं गेली होती.

कंट्रोल रूमचं दार त्यांनी न ठोठावता उघडलं. मोठ्या काचेपलीकडे अक्का हिरव्या कापडाखाली निजलेल्या दिसत होत्या.

“मनवा, दोन्ही यंत्रांचे जादाचे तुकडे असतील ना? मला दाखव.”

“आत्ता? बाई, आत्ता कसं—”

“आत्ता.” तो वर्गातला आवाज होता. मनवानं मुकाट्यानं दोन डब्या उघडल्या आणि दोन तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले. पडद्यावर दोन समांतरभुज चौकोन उमटले. एक उजवीकडे कललेला, एक डावीकडे.

“हा पालथा पडलाय एवढंच,” मनवा म्हणाली. “आमचा कॅमेरा बाह्याकृती तपासतो. तुकडा उताणा असो की पालथा, त्याला चालतो.”

“म्हणूनच सापडलं नाही. कॅमेऱ्यावर नको जाऊस. खिसे कुठल्या अंगाला आहेत ते बघ. दोन्हींचे खिसे वर कर.”

मनवानं सुईच्या टोकानं एक तुकडा उलटा केला, पुन्हा बघितलं, पुन्हा सुलटा केला. दोन्हींचे खिसे वर आले होते, आणि तरीही एक उजवीकडे कलला होता, एक डावीकडे. ती झटकन बाईंकडे वळली.

“पण काल रंगीत तालीम झाली ना! त्यात गोळा पूर्ण झाला होता.”

“तालमीला कोणत्या यंत्राचे तुकडे होते?”

“सगळे दोन नंबरचे.”

“आणि अक्काचे?”

“खरे तुकडे आधी जोडून बघता येत नाहीत, बाई. एकदा आवळले की संपले.”

ते खरंच होतं. काडी पेटते की नाही हे पेटवून बघितलं, तर मग ती कामाची राहत नाही.

“पण हे झालं कसं?” मनवाचा आवाज चिरकला.

“माझ्यामुळे झालं. मी डावरी आहे गं. दुसरा आठवडा सगळा डाव्या हातानं केला आणि कुणाला सांगितलं नाही. फॉर्मवर खोटं लिहिलं.” बोलून झाल्यावर हेमांगीबाईंना रडू फुटलं, पण मनवाला त्याच्याकडे बघायला सवड नव्हती. तिनं माइकचं बटण दाबलं.

“शिकलगार मॅडम, थांबा! पुढचा तुकडा सोडू नका.”

काचेपलीकडे डॉ. शमीम शिकलगारांचा हात जागीच थबकला. मनवानं चार वाक्यांत सगळं सांगितलं. डॉक्टरीणबाई ओरडल्या नाहीत, चिडल्या नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, “आधी कोणते भरलेत?”

“दोन नंबरचे. साठही डावे आहेत. शेवटचे तीस उजवे.”

“आणि बसलेत पस्तीस. म्हणजे माझ्याकडे कामाचे पंचवीस राहिले. त्यानंतर एकही बसणार नाही आणि गोळा उघडाच राहील. मनवा, उघड्या कडा रक्तात राहिल्या तर तिथे गुठळी धरेल, आणि ती थेट मेंदूत जाईल. बसलेले निघत नाहीत. आणखी तीस डावे करायला किती वेळ?”

“सहा तास.”

“कडेच्या तुकड्यांचे खिसे चाळीस मिनिटांत आवळून बंद होतील. आणि नळी आत असेपर्यंत पुढचं रक्त अडतंय, ते वेगळंच.”

अक्कांच्या नाडीचा टिकटिक आवाज तेवढा ऐकू येत होता. तो ऐकता ऐकता हेमांगीबाईंचं रडू थांबलं.

“साठात बंद करता येतो,” त्या म्हणाल्या.

“कोण बोलतंय?”

“मी. पेशंटची बहीण. घडी माझीच आहे.” त्यांनी डोळे पुसले. “जिथे सहा तुकडे एकत्र येतात तिथे आकार सपाट पडतो. जिथे पाच येतात तिथे वळतो. या घडीचा कुठलाही गोळा बंद करायला पाचाचे बिंदू बरोबर बारा लागतात. सहाचे किती घालायचे ते आपल्या हातात आहे, त्यानं गोळा फक्त लहानमोठा होतो. नव्वदात सहाचे वीस आहेत. दहाच घातले तर साठ तुकड्यांत काम होतं.”

“पुढे.”

“आत्ता तळाला एक पाचाचा आहे, त्याच्याभोवती पाच सहाचे, आणि वर दहा बिंदूंचा पट्टा. पस्तीस म्हणजे पट्टा नुकता पुरा झालाय. बघा बरं.”

डॉक्टरांनी पडद्याकडे पाहिलं. “बरोबर.”

“त्या पट्ट्यावर एकाआड एक बिंदू सहाचा करायचा होता. तो करू नका. दहाही पाचाचे करा. मग वर पाच सहाचे आणि टोकाला एक पाचाचा. झाले बारा.”

“गोळा लहान होणार. फुगा भरणार नाही.” डॉक्टर स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या. “पण तोंडाशी बसवला तर तोंड झाकेल. चालेल. मनवा, सुईला हा क्रम येतो?”

“नाही मॅडम. तिला तीसचा येतो आणि नव्वदचा.”

“म्हणजे मला हातानं बसवावा लागणार. पण कोणता कुठे आणि कशानंतर, ते मला डोळ्यांनी दिसायला हवं. मी आयुष्यात कागदाची होडीसुद्धा केलेली नाही.”

“मी करून दाखवते,” हेमांगीबाई म्हणाल्या.

मनवानं प्रिंटरमधून कागद ओढले आणि चौकोन कापायला लागली. टेबलावरच्या कॅमेऱ्याचं चित्र ऑपरेशनच्या पडद्यावर दिसेल असं जोडून दिलं. हेमांगीबाईंनी पहिला चौकोन उचलला. खोलीत दोन तंत्रज्ञ होते, काचेपलीकडे डॉक्टर होत्या, आणि त्यांच्याही पलीकडे अक्का. बाईंचा डावा हात पुढे आला. मधली घडी, कोपरा, दुसरा कोपरा, आत सरकवणं. एका तुकड्याला वीस सेकंदही लागत नव्हते.

“अगं बाई!” एक तंत्रज्ञ पुटपुटली.

“मीही घालू का? लवकर होईल,” मनवानं विचारलं.

“तू उजवी. तुझा माझ्यात बसायचा नाही. तू काप फक्त.”

पट्ट्याचे दहा तुकडे त्यांनी एका स्टीलच्या वाडग्यात गोल जुळवून चिकटपट्टीनं धरले आणि तिथून वर बांधायला घेतलं. त्या कागदाचा तुकडा बसवायच्या, डॉक्टर आत फिल्मचा बसवायच्या. “छत्तीस,” डॉक्टर म्हणायच्या. “सदतीस. हा कुठल्या अंगानं?” “तुमच्या डावीकडून, जीभ खालून.” “बसला.” बेचाळिसावर सुई घसरली आणि तुकडा फुग्यात तरंगायला लागला. तो पकडण्यात तीन मिनिटं गेली, तेवढ्यात हेमांगीबाईंच्या पाठीवरून घामाचा ओघळ खाली उतरला. मनवा दर मिनिटाला घड्याळाकडे बघत होती आणि बघितलेलं कोणाला सांगत नव्हती.

एकोणसाठ तुकडे बसले. शेवटचा उरला, आणि ज्यानं कधी असा गोळा केलाय त्याला माहीत असतं, खरी परीक्षा शेवटच्याचीच. आत बोट जात नाही, आणि त्या एका तुकड्याच्या दोन जिभा द्यायच्या असतात, दोन घ्यायच्या असतात. डॉक्टरांनी दोनदा प्रयत्न केला. दोन्ही वेळा एक बाजू बसली की दुसरी निसटली.

“जात नाही हा. पाच मिनिटं राहिलीत माझ्याकडे.”

“ढकलू नका,” हेमांगीबाई म्हणाल्या. “शेजारचे तीन अर्धे सैल करा. मग हा मध्ये ठेवा आणि चारही एकदम आत दाबा. हे बघा असं.”

“बसलेले सैल होत नाहीत!”

“हे तीन आत्ताच बसलेत, अजून पुरते आवळले नसतील. करून तर बघा. मॅडम, पाया पडते तुमच्या, बघा करून.”

कागदाचा गोळा त्यांच्या बोटांत मिटला. काचेपलीकडे शिकलगारांच्या मनगटाची अगदी बारीकशी हालचाल झाली. मग बराच वेळ काहीच कळेना.

“साठ,” डॉक्टर म्हणाल्या.

नळीतून रंग सोडला. पडद्यावर तो काळ्या धाग्यासारखा वाहिनीतून वर आला, फुग्याच्या तोंडाशी घुटमळला आणि आत न शिरता सरळ पुढे निघून गेला. मनवा हुंदके द्यायला लागली. डॉ. शिकलगार बाहेर आल्या, मास्क काढला आणि हेमांगीबाईंना म्हणाल्या, “जीव वाचला. पण मध्ये खूप वेळ पुढे रक्त कमी गेलंय. शुद्धीवर आल्यावर काय ते कळेल.”

संध्याकाळी चार वाजता अक्का शुद्धीवर आल्या. बहिणीला ओळखलं, गॅसचं पुन्हा विचारलं, जीभ जरा जड होती एवढंच. डॉक्टरांनी दोन्ही हात वर करायला सांगितले. डावा वर आला. उजवा चादरीवरच राहिला.

“मी वीस मिनिटं आधी उठले असते तर?” हेमांगीबाईंनी व्हरांड्यात विचारलं. “मला तेव्हाच कळलं होतं. मी बसून राहिले.”

डॉ. शिकलगारांनी सरळच सांगितलं. “आधी कळलं असतं तर नीट ठरवून, कमी वेळात केलं असतं. कदाचित हात वाचला असता. कदाचित नसता. मला खोटं सांगता येत नाही. व्यायामानं थोडा परत येईल, सगळा नाही.”

त्याच दिवशी हेमांगीबाईंनी प्रयोगशाळेला स्वतःच्या सहीनं सगळं लिहून दिलं आणि दोन्ही यंत्रांचे तुकडे एकत्र जोडणं बंद झालं. ते सोपं होतं. अवघड काम अजून पुढेच होतं, आणि ते करायला त्यांना तीन दिवस लागले. चौथ्या दिवशी सकाळी त्यांनी अक्कांच्या पलंगाशी बसून सगळं सांगितलं. पुण्याचा दुसरा आठवडा, फॉर्म, आणि ती वीस मिनिटंसुद्धा.

अक्कांनी मान बहिणीकडे वळवली.

“मला भ्यालीस?”

“हो.”

“एकसष्टाव्या वर्षी?”

“हो गं.”

“रिबीन मीच बांधायचे,” अक्का म्हणाल्या. “आईनं सांगितलं म्हणून. नाही, तेही खरं नाही. मला आवडायचं ते. त्या घरात माझं ऐकणारी तू एकटीच होतीस.”

हेमांगीबाईंनी चादरीची सुरकुती सरळ केली.

“पण एक सांगून ठेवते, तुला माफबिफ काही केलेलं नाही मी. हात गेलाय माझा. पोळी कशी लाटू मी? पदर कसा खोचू? बसून राहिलीस वीस मिनिटं!”

“नको करूस माफ.”

“नाहीच करणार.”

तेवढ्यात सिस्टर मऊ भात आणि वरण घेऊन आली आणि भरवायला पुढे झाली. अक्कांनी मान फिरवली. “मी काय तान्ही आहे का? ठेव इथे.” सिस्टरनं ताट ठेवलं आणि ती गेली. अक्का बराच वेळ त्या ताटाकडे बघत राहिल्या. मग त्यांनी डाव्या हातात चमचा घेतला. मूठ करून धरला, लहान मूल धरतं तसा. पहिला घास ताटातच सांडला, दुसरा छातीवर, तिसरा हनुवटीपर्यंत जाऊन परत आला. हेमांगीबाईंनी दोन्ही हात मांडीवर घट्ट धरून ठेवले होते. मदतीला जावं तर अक्का खेकसणार, न जावं तर हे बघवत नव्हतं.

अक्कांनी चमचा ताटात आपटला. डोळे भरून आले होते, आणि ते कोणी बघितलेलं त्यांना कधीच खपायचं नाही.

“बघत काय बसलीस? हसू नकोस,” त्या म्हणाल्या. “शिकव.”

हेमांगीबाई उठल्या आणि त्यांच्या डाव्या अंगाला जाऊन बसल्या.